ओळ क्रमांक दोनशे चौदा

या अंकाच्या संपादकांनी मला न्यायालयातील आठवणी लिहिण्यास सांगितले होते. मी त्यांना लेखी कळवले की न्यायालयात जे माझ्या हाताखालून गेले ते माझे नव्हते, पक्षकारांचे होते, आणि त्यांच्या परवानगीवाचून ते चारचौघांत मांडण्याचा मला अधिकार नाही. त्यांनी पुन्हा पत्र पाठवले. मी पुन्हा नकार दिला. तिसऱ्या पत्रात त्यांनी विचारले, मग हल्ली आपण जे परदेशी चित्रपट घेऊन हिंडता, त्याविषयी तरी लिहाल काय? या प्रश्नावर आक्षेप घेण्यासारखे मला काही सापडले नाही.

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी भाषांतरकार होतो. एखादे अपील वरच्या न्यायालयात गेले की खालच्या न्यायालयातल्या मराठी साक्षी, पंचनामे, खरेदीखते इंग्रजीत करून पाठवावी लागतात. ते काम मी नोकरीभर केले. साक्षीदार खोटे बोलत असला तर ते खोटेही जसेच्या तसे इंग्रजीत न्यायचे, त्याला खरेपणाचे ठिगळ लावायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम. प्रत्येक भाषांतराच्या शेवटी मी एक वाक्य लिहीत असे: ‘वरील भाषांतर मुळाबरहुकूम खरे असल्याचे प्रमाणित करतो.’ खाली सही. या वाक्यावर माझा संसार झाला.

निवृत्तीनंतर आमच्या चित्रपट मंडळाने मला चिटणीस केले. मंडळ साताऱ्याचे, पण खेळ आम्ही महिन्यातून एकदा, आळीपाळीने फलटण, वडूज आणि कुंडल येथे करतो. निवडतो ते मोठी बक्षिसे मिळवून जगभर गाजलेले चित्रपट नव्हेत. लहान लहान देशांतले, ज्यांची नावे त्या देशातसुद्धा फार कोणाला ठाऊक नसावीत असे. कधी भयपट, कधी युद्धपट, कधी नुसता माहितीपट. दिग्दर्शकाला पत्र लिहून रीतसर परवानगी घेतल्याशिवाय आम्ही एकही चित्रपट दाखवत नाही. “अण्णा, हे सगळं इंटरनेटवर फुकट पडलंय, उतरवून घ्या की,” असे म्हणणाऱ्या दोन सभासदांमुळे मी दोनदा राजीनामा दिला आहे. दोन्ही वेळा तो स्वीकारण्याचे धैर्य कोणी दाखवले नाही.

या चित्रपटांच्या पायथ्याशी इंग्रजी ओळी येतात. त्या आमच्या प्रेक्षकांच्या उपयोगाच्या नाहीत. म्हणून मी आधी घरी बसून त्या सगळ्या मराठीत उतरवतो, प्रत्येक ओळीला क्रमांक देतो, आणि खेळाच्या वेळी पडद्याच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून ध्वनिक्षेपकावर वाचतो. काम दिसते तितके सोपे नाही. इंग्रजी ओळ पडद्यावर जेमतेम चार सेकंद थांबते. मराठी वाक्य सावकाश येते आणि त्याचे क्रियापद सगळ्यांत शेवटी. मी ‘त्याने तिला’ म्हणेपर्यंत पडद्यावर खून होऊन पोलीस आलेले असतात. त्यामुळे यंत्र चालवणारे दिनकर माळी मला बोटाने इशारा करतात: एक बोट म्हणजे वाचा, मूठ म्हणजे थांबा. माळी मूळचे कुंडलचे. पूर्वी जत्रांतून तंबूच्या सिनेमात यंत्र चालवत. आमची अठ्ठावीस वर्षांची ओळख आहे आणि त्यांतली निम्मी भांडणात गेली आहे.

चित्रपट संपला की मी ते प्रमाणपत्राचे वाक्य मोठ्याने वाचतो. सुरुवातीस लोक हसले. आता ते ऐकल्याशिवाय कोणी उठत नाही.

प्रेक्षकांविषयी सांगायचे तर त्यांनी मला सतत गोंधळात टाकले आहे. फलटणला आम्ही एक युद्धपट दाखवला होता, ज्यात युद्धच नव्हते. बर्फातल्या एका चौकीवर दोन शिपाई पहारा देतात, चहा करतात, बूट वाळवतात आणि वाट पाहतात. कोणाची, ते शेवटपर्यंत कळत नाही. मी अर्ध्यातच मनातल्या मनात दिलगिरीचे पत्र जुळवू लागलो होतो. खेळ संपल्यावर एक निवृत्त सुभेदार माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “सायेब, ह्यात काय झालंच न्हाई असं तुमास्नी वाटलं आसंल. लय झालं ह्यात.” एवढे बोलून त्यांनी टोपी सारखी केली आणि ते गेले. काय झाले ते मी आजवर शोधतो आहे.

कुंडलला भयपट होता. मेलेली सून रोज संध्याकाळी घराच्या मागच्या दारी येते आणि कडी वाजवते. घरातले लोक थरथरतात. मी आवाजही थोडा दबका केला होता. पण पुढच्या रांगेतल्या बायका घाबरेनात. तिसऱ्यांदा कडी वाजली तेव्हा एक आजी पडद्यावरच्या सासूला म्हणाल्या, “अगं, घे की तिला आत. किती दिस उभी करशील?” मागून बऱ्याच जणींनी पदर डोळ्यांना लावले. असा परिणाम होईल, असे त्या दिग्दर्शकाच्या माहितीपत्रकात कोठेही नमूद नव्हते.

अशा बोलण्याने माझ्या वाचनात व्यत्यय येई. म्हणून मी मंडळाच्या नियमावलीत सातवा नियम घातला: ‘चित्रपट चालू असताना कोणीही बोलू नये. बोलल्यास सभासदत्व रद्द होईल.’ नियम सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आणि सभासदांच्या कार्डाच्या मागे छापला. माझ्या आजच्या गोंधळाचे मूळ तेथे आहे.

दोन वर्षांपूर्वी, गणपती नुकतेच गेले असताना, वडूजच्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही एक माहितीपट लावला. जॉर्जिया देशातल्या डोंगरात एकटी राहणारी एक म्हातारी मेंढपाळ बाई, तिचा कळप, आणि हिवाळा. दुपारी चारची वेळ. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. त्या भागात मेंढरे पाळणारी घरे पुष्कळ. सुनीताबाई नावाच्या अंगणवाडी सेविकेने जाहिरात वाचून आपल्या सासऱ्यांना मुद्दाम सभासद करून आणले होते. बिरू तात्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, खांद्यावर घोंगडे, बसायला तिसऱ्या रांगेची कडेची खुर्ची.

चित्रपटात एका मेंढीचे कोकरू मरते. दुसरे एक कोकरू आईवेगळे झालेले असते. ते या मेंढीला लावायचे असते, पण ती त्याला ढुशी देऊन लांब करते. मग म्हातारी मेंढीजवळ बसते आणि गाणे म्हणते. पुढच्याच दृश्यात कोकरू त्या मेंढीला पीत असते. माळींनी एक बोट वर केले आणि मी ओळ क्रमांक दोनशे चौदा वाचली:

‘तिच्या गाण्याने मेंढीचे मन वळले आणि तिने परक्याला आपले मानले.’

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “गाण्यानं न्हाई वो. कातडं घातलंय त्येला.”

मी वाचन थांबवले नाही. आवाजही थांबला नाही. तात्या शेजारच्या माणसाला सांगत होते, पण सभागृहात सगळ्यांना ऐकू जात होते. मेलेल्या कोकराचे कातडे काढून ते पोरक्याला अंगरख्यासारखे घातले आहे. त्याच्या मानेशी बघा, लोकरीवर लोकर दिसते. मेंढी वासावर पोर ओळखते, गाण्यावर नाही. मागच्या रांगा पुढे झुकल्या. लोक माझ्याऐवजी त्यांचे ऐकू लागले. मी माळींना चित्रपट थांबवण्यास सांगितले, दिवे लावले, आणि नियम सात वाचून दाखवला.

तात्या उभे राहिले. त्यांनी मला विचारले, “मी खोटं बोललो काय?”

मी म्हणालो की प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, नियमाचा आहे. त्यांनी मान हलवली, घोंगडे उचलले आणि दाराची सतरंजी बाजूला सारून ते उन्हात निघून गेले. सुनीताबाई त्यांच्यामागे गेल्या. मी उरलेल्या ओळी वाचल्या आणि शेवटी भाषांतर खरे असल्याचे प्रमाणित केले. दुसऱ्या दिवशी सभासदत्व रद्द झाल्याची व कार्ड परत करण्याची नोटीस रजिस्टर टपालाने रवाना केली.

घरी परतताना माळी एसटीत माझ्या शेजारी बसले होते. कोरेगावच्या अलीकडे ते म्हणाले, “अण्णा, तुम्ही बरोबर केलं आसंल. पर म्हातारा बघून बोलत हुता.”

हे वाक्य मला झोंबले. मी ते तपासायचे ठरवले. पुढच्या रविवारी माळींच्या घरी आम्ही ते दृश्य चौदा वेळा पाहिले, थांबवून, मागेपुढे करून. कोकराच्या मानेशी एक गडद कड दिसत होती. ती कातड्याची आहे असे माळींचे म्हणणे. ती सावली आहे असे माझे म्हणणे. आठव्या वेळेस मला कातडे दिसू लागले आणि माळींना सावली. तेव्हा आम्ही चहा घेतला.

मी दिग्दर्शक बाईंना इंग्रजीत पत्र पाठवले. विषय: आपल्या माहितीपटातील विधानाच्या सत्यतेबाबत खुलासा. उत्तर आले नाही. महिन्याने स्मरणपत्र धाडले. तेही वाया गेले. तिसऱ्या पत्रात मी स्पष्ट लिहिले की मी एका सभासदास आपल्या ओळीच्या भरवशावर बाहेर काढले आहे, तेव्हा ओळ खरी की खोटी हे जाणण्याचा मला अधिकार आहे आणि सांगणे हे आपले कर्तव्य आहे. शब्द कडक होते. मी ते सौम्य केले नाहीत.

माघात उत्तर आले. बाईंनी प्रथम विचारले होते की हे तुम्हाला कोणी सांगितले. इतक्या वर्षांत कोणीही हा प्रश्न केलेला नाही. पुढे लिहिले होते की होय, कातडेच होते. सोलण्याचे दृश्य त्यांनी टिपले होते, पण ते पाहून प्रेक्षक हादरतील म्हणून गाळले. गाणे तर त्या म्हातारीने निराळ्याच दिवशी, चुलीपाशी म्हटले होते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर चांगले दिसले, म्हणून ती ओळ लिहिली. त्यांना खेद होत होता.

हे पत्र मी किती वेळा वाचले ते सांगत नाही. कायद्याने माझ्यावर दोष येत नव्हता. खोटी साक्ष मी खरेपणाने भाषांतरित केली होती, नोकरीत शेकडो वेळा केली तशीच. पण नोकरीत साक्षीदाराची उलटतपासणी होत असे. इथे ती करायला एकच माणूस उभा राहिला होता आणि त्याला मी बाहेर काढले होते. ‘मी खोटं बोललो काय?’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे बाकी होते. ते मिळाल्याशिवाय तात्या परत येणार नाहीत, आणि ते परत येईपर्यंत मला ते प्रमाणपत्राचे वाक्य नीट म्हणता येईना. मधल्या दोन खेळांत माझी जीभ तिथेच अडखळली.

सभासदत्व रद्द करण्याचा नियम होता. रद्द केलेले परत देण्याचा नव्हता. मी विशेष सभा बोलावली, नियमावलीत दुरुस्ती सुचवली, गणपूर्ती होईना म्हणून ती तहकूब केली, पुन्हा बोलावली आणि ठराव करून घेतला. ठरावाची प्रत घेऊन तात्यांच्या गावी गेलो तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितले की मेंढरे घेऊन बाकीची सगळी दिवाळीनंतरच खाली गेली, नदीकाठच्या मुलखात. सुनीताबाई अंगणवाडीत सापडतील. सुनीताबाईंनी ठरावाची प्रत वाचून परत दिली. मग म्हणाल्या, “मामंजी कुंडलाकडं हायती. ऊस तुटलेल्या रानात खताला मेंढरं बसवली हायती. तुमची ती नोटीस मीच वाचून दावली त्यास्नी.”

कुंडलला मला माळींनी मोटारसायकलवरून रानात नेले. सकाळचे नऊ वाजले असतील. जाळीच्या आत मेंढरे बसली होती आणि तात्या एका कोकराचा खूर तपासत होते. मी कागद काढला आणि ठराव वाचला: ‘सदर सभासदाने केलेले विधान वस्तुस्थितीस धरून असल्याचे निष्पन्न झाल्याने…’ तात्यांनी हात न थांबवता ऐकून घेतले. मग त्यांनी पैरणीच्या आतल्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, आणि पिशवीतून सभासदाचे कार्ड.

“परत द्याया सांगितलं हुतं तुमी. ऱ्हाऊन गेलं. आता घ्या.”

मी म्हणालो की ते आता त्यांचेच आहे, ठराव झाला आहे. आणि ठरावात नव्हते ते वाक्यही म्हणालो. तात्या, तुम्ही खरे बोलला होता.

“त्ये मला ठावं हाय,” तात्या म्हणाले. “त्या म्हातारीचं कोकरू जगलं का?”

माळींनी माझ्याकडे पाहिले. मी तीन पत्रे लिहिली होती. त्यांत ओळीच्या सत्यतेविषयी, जबाबदारीविषयी, खुलाशाविषयी सारे काही होते. कोकराचा उल्लेखही नव्हता. मी तसे सांगितले.

“मग इचारा की,” ते म्हणाले. “कातडं घातल्यावर मेंढी पाजती, त्ये खरं. पर तिसऱ्या दिशी कातडं काढाया लागतंय. तवा कळतं, घेतलं का टाकलं.”

चौथे पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिले. त्यावर विषय आणि जावक क्रमांक घालायचे राहून गेले, हे मला पत्र गेल्यावर ध्यानात आले. या खेपेस उत्तर आठवड्यात आले. बाईंनी लिहिले होते की ठाऊक नाही. आम्ही दुसऱ्याच दिवशी डोंगर उतरलो. पुढे ती म्हातारीही वारली.

मी पुन्हा कुंडलला गेलो. वाटेत, हे लिहिताना लाज वाटते, कोकरू जगले असे सांगावे असा विचार माझ्या मनात आला. निव्वळ एक शब्द बदलायचा होता आणि तपासणारे कोणी नव्हते. पण बांधावर पोचल्यावर मी पत्रातले वाक्य मराठीत जसेच्या तसे सांगितले. तात्या काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

“मग त्या शिनेमावालीनं बघितलं तरी काय?” ते म्हणाले.

मी इतके माहितीपट वाचले, त्या सगळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आता माझ्यापुढे उभा राहतो. चित्रपट करणारी ती माणसे कोणत्या दिवशी गावातून निघाली? तिसऱ्या दिवसाआधी की नंतर? असे विचारणारी पत्रे मी इतर पाच दिग्दर्शकांना पाठवली आहेत. एकाने मला वेड लागले आहे का, असे विचारले.

ज्येष्ठात मेंढरे गावी परतल्यावर तोच माहितीपट आम्ही वडूजला पुन्हा लावला. परवानगी नव्याने घेतली. तात्या आले, कार्ड दारात दाखवून आले, आणि तिसऱ्या रांगेत त्याच कडेच्या खुर्चीवर बसले. चित्रपट सुरू झाला. मी वाचत होतो आणि माझे अर्धे लक्ष त्यांच्याकडे होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. कुत्रा दिसला, बोलले नाहीत. लोकर कातरली, बोलले नाहीत. शेजारच्याने काही विचारले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवले. नियम सात ते पाळत होते, आणि मला तो नियम कधी नव्हे इतका नकोसा झाला होता.

दृश्य आले. म्हातारी मेंढीजवळ बसली. माळींनी एक बोट वर केले. मी वाचले नाही. त्यांनी बोट हलवले. मी कागद गुडघ्यावर ठेवला. सभागृहात फक्त ते गाणे ऐकू येत होते, ज्याचा एक शब्दही आम्हा कोणाला कळत नव्हता. कोकरू मेंढीखाली शिरले. लोकांनी पडद्यावरून नजर काढून आधी माझ्याकडे पाहिले, मग तात्यांकडे.

“तात्या,” मी ध्वनिक्षेपकावरून म्हणालो, “ही ओळ तुम्ही सांगा.”

तात्या पडद्याकडे पाहत राहिले. कोकराची शेपटी हलत होती.

“पाजतीया,” ते हळूच म्हणाले. “पर कातडं आज काढू नगा. उद्या बी नगा. परवा बघू.”

मी दोनशे चौदावर पेन्सिलीने काट मारली आणि त्यांचे शब्द वर लिहून घेतले. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि लोक नेहमीप्रमाणे त्या वाक्यासाठी थांबले. माझी जीभ अडखळली नाही. मी वाचले: “वरील भाषांतर मुळाबरहुकूम खरे असल्याचे प्रमाणित करतो. ओळ क्रमांक दोनशे चौदा वगळून. ती मुळात नाही. ती सांगणाऱ्याने पाहिलेली आहे.”